पेंडीचा सदरा

अंजूर गावच्या तरे मंडळींच्या घरात एके काळी एक नियम होता आणि तो देवाधर्माच्या कुठल्याही नियमापेक्षा कडक पाळला जायचा. पंढरीनाथ तरे भिवंडीतलं दुकान बंद करून आले की त्यांनी थेट घरात शिरायचं नाही. ओटीच्या बाहेरच्या खांबाला खुंटी होती, तिथं सदरा काढून टांगायचा, टाकीवर जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच पोरांना जवळ घ्यायचं. हा नियम त्यांच्या बायकोने, जाईबाईंनी केलेला. बाजारात ज्यांच्या शब्दाला वजन होतं ते पंढरीनाथ बायकोपुढे ओल्या पंचात कुडकुडत उभे राहायचे, आणि शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या.

दुकान पेंडीचं होतं. शेंगदाण्याची आणि सरकीची पेंड जनावरांसाठी, एरंडीची शेतासाठी. एरंडीच्या बियांचं तेल काढून घेतल्यावर मागे जो चोथा उरतो, ती ही पेंड. खाडीकाठच्या जमिनीत भाताच्या रोपांना, भेंडी-वांग्यांना ती घातली की पीक जोमाने उठायचं, म्हणून पंचक्रोशीतले शेतकरी पंढरीनाथांकडे यायचे. ढेपा लाकडी मोगरीने फोडायचं काम ते स्वतः करत. त्यातून तपकिरी, बारीक धूळ उडायची आणि मालकांना शिंका सुरू व्हायच्या. पंधरा-वीस शिंका झाल्यावर छाती भरून यायची. गिऱ्हाईक थांबून राहायचं, दम खाली बसला की पुन्हा मोगरी उचलायची. असं तीस वर्षं चाललं.

थोरल्या ललिताला त्या धुळीचा बापापेक्षा जास्त त्रास व्हायचा. सदऱ्याजवळ गेली तरी डोळे सुजायचे, नाक वाहायचं. तरी ती जायचीच. बाप टाकीकडे वळला आणि आई चुलीशी असली, की ही पोर खुंटीखालच्या दगडावर चढून सदऱ्याच्या खिशात हात घालायची. खिशात कागदात बांधलेली लिमलेटची गोळी असायची. ती तिथंच ठेवलेली असते हे बापाला माहीत, आणि सुजलेले डोळे बघून आईलाही माहीत. धाकट्या दीपेशला मात्र शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

ललिता आठ वर्षांची असताना शेजारच्या जानकीबाईंचं वासरू तऱ्यांच्या पडवीत शिरलं आणि एरंडीच्या गोणीत तोंड घालून गेलं. दोन दिवसांनी ते मेलं. ललिता त्या वासराला रोज गवत घालायची. रडून झाल्यावर तिने बापाला विचारलं की एरंडेल तर आई आपल्याला पाजते, मग वासरू कसं मेलं?

"तेलात इष उतरत न्हाय, बाय," पंढरीनाथ म्हणाले. "सगला मागं पेंडीत ऱ्हातं."

"मग तुम्हाला काही होत नाही?"

"आमाना सवय झाली."

पुढे ललिताने जे काही शिकलं, लिहिलं आणि शिकवलं, ते या तीन शब्दांच्या बाहेर फारसं गेलं नाही असं म्हटलं तर चालेल. पण हे तिच्या स्वतःच्या ध्यानात यायला चाळीस वर्षं जावी लागली.

अंजूरची शाळा, रिक्षाने भिवंडीचं कॉलेज, मग मुंबईत एम.एस्सी. पहिली नोकरी साप चावल्यावर देतात त्या औषधाच्या कारखान्यात. तिथं घोड्यांना सापाचं विष थेंबाथेंबाने टोचत. काही महिन्यांत घोड्याच्या रक्तात त्या विषाला ओळखून धरणारी प्रतिपिंडं तयार होत, आणि त्या रक्तातून औषध निघे. तिने हे घरी सांगितलं तेव्हा पंढरीनाथ म्हणाले, "म्हंजे घोऱ्याला सवय लावतात." ललिता हसली. एवढं मोठं शास्त्र बापाने एका वाक्यात गुंडाळलं याचं तिला कौतुकही वाटलं आणि थोडा रागही आला.

नंतर पीएचडी झाली, पाच वर्षं परदेशात गेली आणि ती परत येऊन मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत रुजू झाली. लग्नाचं जमलं नाही, तिने जमवूनही घेतलं नाही. कॅन्सरच्या पेशीला नेमकं ओळखणारं प्रतिपिंड घ्यायचं आणि त्याच्या पाठीवर विष बांधून द्यायचं, हे तिचं काम. विष एरंडीचंच. त्या बियांमधलं विष पेशीच्या आत शिरलं की पेशी उरत नाही. प्रश्न एवढाच की ते चुकीच्या पेशीत जाता कामा नये. पंढरीनाथ हे शेजारच्या दापोडे गावातल्या चहाच्या टपरीवर गोदामवाल्यांना समजावून सांगायचे: "पार्सलावर पत्ता बरोबर असला तं माल बरोबर घरात जातं का न्हाय? आमचे ललिताच्या पार्सलात इष हाय." पुढे दरवर्षी तिच्या संस्थेत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनासुद्धा इतकं चटकन कळायचं नाही.

बारा वर्षं या एका औषधात गेली. अडचण एकच होती आणि ती चिवट होती. माणसाचं शरीर कृतघ्न असतं म्हणा किंवा सावध म्हणा, ते औषधातल्या विषालाच ओळखून ठेवतं आणि पुढच्या वेळी वाटेतच अडवतं. एखाद्याच्या रक्तात ही ओळख आधीच पक्की असेल, तर औषध फुकट जातंच, वर श्वास कोंडून माणूस खाटेवरच जायची भीती. म्हणून औषध देण्याआधी प्रत्येकाचं रक्त तपासायचं, हा दंडक ललितानेच घातला. किती आकड्याच्या वर औषध द्यायचं नाही, ती मर्यादाही तिनेच ठरवली. नव्या विद्यार्थ्यांना ती दर जूनमध्ये एक जुनी हकीकत सांगायची. सव्वाशे वर्षांपूर्वी एका जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांना एरंडीचं विष कणाकणाने खाऊ घातलं. हळूहळू ते उंदीर इतरांना मारणारी मात्रा पचवून हुंदडायला लागले. बारा वर्षं तिने ही गोष्ट रंगवून सांगितली, आणि तो प्रयोग आपल्या ओटीवर रोज शिंकत होता हे तिच्या एकदाही मनात आलं नाही. शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांवर झापड येते ती अशी.

अर्थात विसरायला गावानेही मदत केली. अंजूरच्या शेतांवर गोदामं उभी राहिली, तेव्हा पेंड घ्यायला शेतकरीच उरला नाही. दुकान बंद झालं. तऱ्यांच्याही जमिनीवर गोदाम आलं, पंढरीनाथ पांढरे कपडे घालून ऑफिसात बसायला लागले आणि लोक त्यांना शेठ म्हणायला लागले. जुन्या घराच्या जागी टाइल्सचं घर झालं, त्यात खांबही गेला आणि खुंटीही गेली. गावात दुसरे तरे होते म्हणून यांना 'पेंडवाले तरे' म्हणायची पद्धत होती. दीपेशच्या हळदीला कुणीतरी सोयऱ्यांसमोर तसं म्हटलं, तर नवरदेव तोंड फुगवून बसला. त्यानंतर त्या घरात पेंड हा शब्द निघाला नाही.

करोनानंतरच्या वर्षी पंढरीनाथांच्या मानेत गाठी आल्या. लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. मुंबईत उपचार झाले, केस गेले, परत आले, आणि दीड वर्षाने गाठीही परत आल्या. या वेळी औषधांनी दाद दिली नाही. वय अठ्ठ्याहत्तर, त्यामुळे डॉक्टरांनी यापुढे जोरकस काही करता येणार नाही असं सांगितलं. नेमक्या याच आजाराच्या, नेमक्या अशाच रुग्णांवर ललिताच्या औषधाची चाचणी त्याच सुमारास सुरू झाली होती. पहिल्या अकरा जणांपैकी चौघांच्या गाठी विरघळल्या होत्या.

चाचणीची सूत्रं डॉ. वैशालींच्या हातात होती. रुग्ण घ्यायचा की नाही हे त्या ठरवत, आणि बाप रुग्ण म्हणून येतोय म्हटल्यावर ललिताने त्या निर्णयातून लेखी अंग काढून घेतलं. रक्ताची तपासणी मात्र तिच्याच प्रयोगशाळेत होणार होती, नावाऐवजी नंबर टाकून. पंढरीनाथांनी गावभर सांगून टाकलं की आता पोरीचंच औषध घेणार. शेलार गावच्या व्याह्यांना फोन केला. जाईबाईंनी देवीला बोललेला नवस वाढवला.

फॉर्म दीपेशने भरला. व्यवसाय या रकान्यात त्याने 'गोदाम मालक' लिहिलं. पुढच्या एका प्रश्नावर तो अडला आणि बहिणीला फोन लावला.

"ताई, इथं विचारलंय, बियाणं, खत, शेतीची औषधं यांच्याशी कामानिमित्त संबंध आला आहे का. काय लिहू?"

तो प्रश्न ललितानेच चार वर्षांपूर्वी घातला होता. ती त्या वेळी दोन कामांच्या मध्ये होती, फोन खांद्याने कानाशी धरलेला. तिच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या कपड्यातले, ऑफिसात बसलेले वडील होते.

"नाही लिही," ती म्हणाली.

तपासणीची रीत साधी आहे. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या पट्टीत शहाण्णव बारीक वाट्या असतात. त्यांच्या तळाशी एरंडीचं विष चिकटवलेलं असतं. वाटीत माणसाच्या रक्ताचं पाणी घालायचं. त्यात विषाला ओळखणारी प्रतिपिंडं असली तर शेवटी वाटी पिवळी होते, नसली तर रंगहीन राहते. हे काम प्रयोगशाळेतली क्षितिजा करायची. ती हुशार होती, बडबडी होती आणि हाताने नेटकी होती. मंगळवारी दुपारी ती पट्टी घेऊन आली.

"मॅडम, चौदा नंबर बघा. मी तीनदा लावला. असा पिवळा मी अजून पाहिलेला नाही. हा माणूस एरंडी खाऊन जगलाय की काय?"

ललिताने पट्टी उजेडाकडे धरली. चौदा नंबरच्या वाट्या गडद पिवळ्या होत्या, मर्यादेच्या नऊपट. नंबरामागचं नाव तिला ठाऊक नसायला हवं होतं. पण त्या आठवड्यात नवा रुग्ण एकच होता. तिच्या डोळ्यांपुढे खांब आला, खुंटी आली आणि सदरा आला. नाकाच्या मुळाशी ती जुनी खाज उठली.

"फॉर्ममध्ये तर शेतीशी काही संबंध नाही असं आहे," क्षितिजा म्हणाली. "नमुन्यात काहीतरी मिसळलं असणार. रद्द करून टाकू का? निकाल अनिर्णित लिहिला आणि बाकी सगळं ठीक असलं, तर वैशाली मॅडम त्यांना घेतीलही."

दार उघडं होतं ते असं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं हो म्हणायचं होतं. मर्यादा तिनेच ठरवलेली, ती काय वेदवाक्य नव्हती. कमी मात्रेने सुरुवात केली तर? बाजूला डॉक्टर उभे ठेवले तर? औषध नाही मिळालं तर बाप दिवाळी बघणार नाही हे तिला कळत होतं. मिळालं तर काय होईल हे तिच्याइतकं जगात फार थोड्यांना कळत होतं: तीस वर्षांची सवय झालेलं ते अंग औषधाला दारातच गाठेल, आणि छाती पूर्वीसारखीच भरेल, फक्त या वेळी गिऱ्हाइकाला थांबवून दम खाली बसायचा नाही. तरीही तिने तासभर कागदावर मात्रांचे हिशेब मांडले. आपल्याच बारा वर्षांच्या कामात ती चूक शोधत होती, आणि ती सापडावी म्हणून तिने देवाचा धावाही केला. चूक सापडली नाही. काम चोख होतं.

"नमुना बरोबर आहे," ती क्षितिजाला म्हणाली. "फॉर्म चुकलाय. तो मी चुकवलाय." आणि तिने आकडा होता तसा लिहून सही केली. मग वैशालींना फोन करून वडिलांच्या दुकानाबद्दल सगळं सांगितलं.

"मी सांगू का त्यांना?" वैशालींनी विचारलं.

"नको. मी घरी जाऊन सांगते."

रविवारी सकाळी ती अंजूरला गेली. पंढरीनाथ ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. मानेभोवती मफलर होता, गाठी दिसू नयेत म्हणून. जाईबाई शेजारी पावटे सोलत होत्या. दीपेश आतून चहा घेऊन आला.

"ये बाय," पंढरीनाथ म्हणाले. "माजा नंबर लागला का गो?"

तिने वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी गेली. "नाही लागला, बाबा," ती म्हणाली. "तुमच्या अंगाला त्या विषाची सवय झाली आहे. पेंडीची. औषध दिलं तर लागू पडणार नाही, उलट जिवावर बेतेल."

कितीतरी वर्षांनी त्या घरात तो शब्द निघाला. दीपेशने कप खाली ठेवला. बोलल्या त्या जाईबाई.

"येवरा शिकलीस, देशोदेशी फिरलीस, लोकांच्या गाठी बऱ्या केल्यास. आनि बापाला द्यायला तुज्याकरं औषध न्हाय? मंग काय उपयोग गो त्याचा?"

ललिता रडायला लागली. पन्नाशीची बाई, डॉक्टर तरे, रस्त्यावरून जाणारे रिक्षावाले बघतायत याचीही तिला शुद्ध राहिली नाही. "दीपेशला 'नाही लिही' म्हणून मीच सांगितलं," ती म्हणाली. "मला आठवायला हवं होतं. मला नाही तर कुणाला? उगीच तुम्हाला आशा लावली."

"तुजी चूक न्हाय," पंढरीनाथ म्हणाले. "आमी सगल्यांनीच ती पेंड पुरून टाकली व्हती. मना लाज वाटायची. शेठ म्हनून घ्यायला बरा वाटतं ना." मग त्यांनी विचारलं, "लय जोरात व्हती का गो माजी सवय?"

"आजवर सगळ्यांत जास्त. क्षितिजा म्हणाली, असा पिवळा कधी पाहिलाच नाही."

म्हाताऱ्याच्या तोंडावर जे उमटलं त्याला अभिमानच म्हणावं लागेल. मरणाची बातमी ऐकून पाच मिनिटं झाली नव्हती, आणि गडी आपण पहिला आलो म्हणून खूश झाला होता. जाईबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"मंग ह्या रगताचा कायच उपयोग न्हाय?" जाईबाईंनी विचारलं.

उपयोग होता. तपासणीची पट्टी बरोबर चालते की नाही हे पाहायला दर वेळी एका वाटीत खात्रीने पिवळं होणारं रक्त घालावं लागतं. आजवर त्यासाठी सशाचं रक्त वापरत होते, आणि माणसाच्या तपासणीला ते कच्चं पडायचं. पक्की सवय झालेला माणूस कुठून आणणार? ती चार वर्षं शोधत होती. पण मरणाऱ्या बापाकडे रक्त मागायला तिची जीभ रेटेना. पंढरीनाथांनीच खोदून खोदून तिच्याकडून ते काढून घेतलं.

"म्हंजे माज्यासारका कोन आला तं त्याला चुकून औषध देनार न्हाय. जीव वाचल त्याचा."

"हो."

"मंग घे की. इचारते काय."

रीतसर वेगळा फॉर्म आला, वैशालींच्या हाताखालून. गुरुवारी दवाखान्यात दीपेश तो भरायला बसला. व्यवसायाच्या रकान्यावर त्याचं पेन आपोआप 'गो' लिहून गेलं. पंढरीनाथांनी त्याचा हात धरला.

"खोड त्ये. लिव, पेंडवाला. एरंडीची पेंड, तीस वर्सां."

दीपेशने खोडलं आणि लिहिलं. लिहिताना त्याने वर बघितलं नाही. मग पंढरीनाथांनी बाही वर केली आणि नर्सला सांगितलं की जेवढं पाहिजे तेवढं काढ.

ते दिवाळीच्या तीन आठवडे आधी गेले. घरीच गेले, ओट्यावरच्या खोलीत, जाईबाईंच्या हातून पाणी घेऊन. स्मशानात गावच्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं की पेंडवाले तरे गेले, आणि दीपेशने मान हलवली.

त्यांच्या रक्ताच्या दोनशे बारीक कुप्या उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये आहेत. प्रत्येक पट्टीची पहिली वाटी त्यांची असते. ती पिवळी झाली तरच बाकीच्या वाट्या वाचायच्या. पुढच्या वर्षात दोन जण त्या तपासणीत अडले, एक सौराष्ट्रातल्या तेलाच्या घाणीवरचा कामगार आणि एक वसईकडची भाजीवाली. दोघांनीही फॉर्ममध्ये 'नाही' लिहिलं होतं.

तेव्हा ललिताने प्रश्न बदलला. आता तिथं असं विचारलं आहे: एरंडीची पेंड कधी हाताळली आहे का? घरात कुणी हाताळत होतं का? दुसऱ्या प्रश्नावर क्षितिजाने शंका काढली.

"घरात कुणी हाताळली म्हणून दुसऱ्याच्या रक्तात कशी उतरेल, मॅडम? आणि उतरली तरी इतकी वर्षं टिकेल?"

"बघू," ललिता म्हणाली. "माझं रक्त लावून बघ."

"तुम्ही तेरा वर्षं ते विष हाताळताय. तुमचं पिवळं आलं तर ते इथलंच असणार."

मुद्दा बिनतोड होता. पण त्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाचं पहिल्या दिवशी, विषाला हात लावण्याआधी, थोडं रक्त काढून ठेवतात. तो नियमही ललिताचाच. तिने स्वतः फ्रीज उघडला, सगळ्यांत खालच्या खणातून तेरा वर्षांपूर्वीची आपली कुपी शोधली, आणि बापाच्या शेजारच्या वाटीत तिचं पाणी घातलं.

दोन तासांनी रंग भरला. पहिली वाटी नेहमीसारखी गडद पिवळी झाली. दुसरी बराच वेळ तशीच राहिली, आणि मग तिच्यात फिकट पिवळसर छटा आली. मर्यादेच्या कितीतरी खाली होती, पण होती. क्षितिजाने पट्टी फिरवून फिरवून पाहिली. "मॅडम, पण तुम्ही तर दुकानात कधी बसला नव्हता ना?"

"नाही," ललिता म्हणाली. "मी फक्त खिशात हात घालायचे."

क्षितिजाला काही कळलं नाही. पट्टी तिने नेहमीप्रमाणे फेकून दिली नाही, मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि पुढच्या नमुन्यांना लागली.